मुलांच्या हाडांची दुखणी आणि वेळेचे मोल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



मुलांच्या हाडांच्या दुखण्यांपैकी काही दुखणी धीराने घेण्याची असतात, तर काही एक रात्रही थांबू देत नाहीत. हा फरक पालकांना ओळखता यावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम दिलासा देणारी बाजू पाहू. मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान आवृत्ती नव्हे. ते लवचिक असते. हिरवी फांदी वाकवली असता जशी एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने जोडलेली राहते, तसेच पुष्कळदा मुलांच्या हाडाचे होते. हाडावरील आवरण जाड आणि रक्तपुरवठा भरपूर असल्याने मनगटाजवळचे मोडलेले हाड बहुधा तीन ते सहा आठवड्यांत जुळते. थोडासा बाक राहिला तरी वाढत्या वयात तो आपोआप कमी होतो. हाडाला पडलेला पीळ मात्र असा सुटत नाही.

मुलाच्या लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी तेथूनच वाढते. या चकतीच्या दुखापतींचे सॉल्टर आणि हॅरिस या टोरांटोच्या शल्यविशारदांनी 1963 मध्ये केलेले पाच प्रकारांचे वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. चकतीला इजा झाली तर हात किंवा पाय आखूड अथवा वाकडा होऊ शकतो. म्हणून सांध्याजवळच्या सुजेला ‘मुका मार’ म्हणून सोडून देऊ नये.

आता घाईची पहिली गोष्ट. खेळताना मूल हात टेकून पडते आणि कोपराच्या थोडे वर हाड मोडते. पाच ते सात वर्षांच्या वयात हे विशेष आढळते. या हाडासमोरूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. सूज वाढत असताना वरून कामट्या लावून घट्ट पट्टी आवळली, तर स्नायूंचे रक्त तुटते आणि अवघ्या सहा तासांच्या आसपास ते कायमचे निकामी होऊ लागतात. पुढे बोटे आत वळून हात पंज्यासारखा आखडतो. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये या व्यंगाचे वर्णन केले, म्हणून त्याला फोल्कमानचे नाव मिळाले.

त्याची पूर्वसूचना मिळते. औषध देऊनही वेदना वाढत जातात, दुसऱ्याने हलकेच बोटे सरळ केली तरी मूल किंचाळते, बोटे गार, फिकट किंवा बधिर होतात. अशा वेळी पट्टी तत्काळ सैल करावी. प्लास्टर असेल तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये.

हे सांगताना परंपरागत हाडवैद्यांचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. आधुनिक अस्थिशल्यशास्त्राच्या जनकांत गणले जाणारे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधील हाडवैद्यांच्याच घराण्यातले. त्यांच्या वडिलांनी मुलांना वैद्यकीय शिक्षण घ्यायला लावले. हाताचे कसब आणि शरीराचे ज्ञान यांची सांगड त्या घराने घातली. आपणही तीच अपेक्षा धरावी.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ती म्हणजे हाडातील जंतुसंसर्ग, अर्थात ऑस्टिओमायलायटिस. यात हाड मोडलेले नसते, बाहेर जखमही नसते. त्वचेवरील फोड, घशाचा आजार किंवा अशाच एखाद्या वाटेने रक्तात शिरलेले जंतू वाढत्या हाडाच्या टोकाशी, जेथे रक्त संथ वाहते तेथे, ठाण मांडतात. गुडघ्याच्या वरची व खालची हाडे यात अधिक सापडतात. मुलाला ताप येतो, ते लंगडते किंवा पाय टेकतच नाही, हाडावर एका जागी दाबले की रडते. नेमके आदल्या दिवशी ते कुठेतरी पडलेले असते, म्हणून घरचे लोक लचक समजून चोळतात, शेकतात आणि दोन मोलाचे दिवस निघून जातात.

येथे एक्स-रेवर विसंबून चालत नाही. पहिले आठ-दहा दिवस तो बहुधा निर्दोष दिसतो. रक्ततपासणी, रक्तातील जंतूंचे कल्चर आणि गरजेप्रमाणे एमआरआय यांनी निदान होते. सुरुवातीलाच शिरेवाटे प्रतिजैविके दिली तर बहुतेक मुले शस्त्रक्रियेविना बरी होतात. पू साचला तर तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. उशीर झाल्यास हाडाचा तुकडा मृत होतो आणि दुखणे वर्षानुवर्षे वाहत राहते. खुब्याच्या सांध्यात पू झाला तर काही दिवसांतच सांधा नष्ट होऊ शकतो. तान्ह्या बाळाला ताप नसेलही. लंगोट बदलताना ते रडते आणि एक पाय हलवत नाही, एवढीच खूण पुरेशी मानावी.

ताप उतरला की औषध थांबवण्याचा मोह होतो. साध्या संसर्गातही एकूण उपचार तीन-चार आठवडे चालतो आणि तोंडाने घ्यायच्या औषधाच्या मात्रा दिवसातून अनेकदा, ठराविक अंतराने द्याव्या लागतात. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम ज्या घरांत आहे, त्यांनी तो डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावा. मात्रांच्या वेळा कशा बसवता येतील, याचा विचार त्यांना करता येईल. रात्रीची मात्रा मनानेच गाळणे मात्र घातक आहे.

शेवटी, उघड्या जखमेतून हाड दिसत असेल तर त्यावर हळद किंवा लेप लावू नये. स्वच्छ कापडाने झाकावे, अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर ठेवावा आणि मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नये.

घरी मुलांना सांभाळणारे आजी-आजोबा पुष्कळदा ही लक्षणे सर्वांत आधी पाहतात. आज ऐकलेले त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, ही माझी आपणा सर्वांना नम्र विनंती आहे.