मॅनहँडल : तोफेपासून कॉलरपर्यंत

एप्रिल 1895. चित्रालच्या किल्ल्यात ब्रिटिशांची तुकडी वेढ्यात अडकली होती. तिच्या सुटकेसाठी गिलगिटहून निघालेल्या कर्नल केलीच्या वाटेत शांदूरची खिंड होती. उंची सुमारे बारा हजार फूट, आणि बर्फ एवढं की तोफा वाहणारी खेचरं पुढे सरकेनात. शेवटी जवानांनीच दोन पहाडी तोफा खांद्यावर घेतल्या आणि पलीकडे नेल्या.

इंग्रजीत याला ‘मॅनहँडल’ करणं म्हणतात. यातला ‘मॅन’ म्हणजे पुरुष नव्हे, माणूस. पंधराव्या शतकात या क्रियापदाचा अर्थ हत्यार किंवा अवजार चालवणं असा होता. एकोणिसाव्या शतकात ते खलाशांच्या तोंडी रुळलं : कप्पी-तरफेची मदत न घेता, नुसत्या अंगबळानं ओझं हलवायचं. 1865च्या सुमारास बोलभाषेनं त्याच क्रियापदाला ओझ्याऐवजी माणूस जोडून दिला. अर्थ तसा फारसा बदलला नाही. पिंपाला विचारून कोण ढकलतं?

जुना अर्थ मेलेला नाही. रस्त्यात बंद पडलेली गाडी चौघांनी ढकलत कडेला घेतली, तर इंग्रज आजही तिला ‘मॅनहँडल’ केलं म्हणेल, आणि गाडीचा त्यात काही अपमान नसतो.

आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांना मात्र दुसराच, माणसावर हात टाकण्याचा अर्थ प्रिय. डॉक्टर, वाहतूक पोलीस, पत्रकार, सगळे तिथे ‘मॅनहँडल’ होतात. 5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेनं भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, तेव्हा तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी झालेल्या कथित गैरवर्तनाच्या इंग्रजी बातम्यांत हाच शब्द होता. मराठीत ‘धक्काबुक्की’ म्हटलं गेलं. भाजपनं आरोप नाकारले. पुढे जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन रद्द केलं.

बातमीदाराला हा शब्द सोयीचा वाटतो, कारण तो मोघम आहे. कॉलर धरली, दंड पिरगळला की फरफटत नेलं, काहीच सांगावं लागत नाही. भारतीय न्याय संहितेत असा वेगळा गुन्हा नाही. तिथे हमला, फौजदारीपात्र बलप्रयोग, दुखापत अशा स्वतंत्र व्याख्या आहेत आणि कलमागणिक शिक्षा बदलते. त्यामुळे फिर्याद द्यायला गेलेल्याला ठाण्यात पहिला प्रश्न येतो : नेमकं काय केलं त्यानं?