चहाची जुनी ट्रॉली कशी पारखावी



सारी हयात शाळेंत मुलांस गणित व भूगोल शिकविण्यांत घालविलेला माझ्यासारखा मॅट्रिक झालेला मास्तर आज चहा-फराळ वाढण्याच्या जुन्या ट्रॉलीविषयीं बोलणार, याचें आपणांस नवल वाटेल. या विषयांतील अधिकार मजपाशीं नाहीं. मजपाशीं आहे ती एका चुकीपासून मिळालेली शिकवण, आणि त्या शिकवणीची फी माझ्याऐवजीं माझ्या पत्नीस भरावी लागली.

आमचें घर यवतमाळांत, जुन्या बांधणीचें आहे. स्वयंपाकघर मागें, बैठक पुढें, आणि मध्यें दोन उंबरठे. चार वर्षांपूर्वीं सौभाग्यवतींच्या मनगटांत संधिवात शिरला आणि भरलेला ट्रे उचलणें त्यांस जड जाऊं लागलें. पाहुणा चहावांचून परत गेला असें आमच्याकडे कधीं झालें नाहीं. तेव्हां चाकांची एखादी ट्रॉली घ्यावी, असें मीं ठरविलें. एका जुन्या सामानाच्या दुकानांत मला तीन खणांची, काळसर लाकडाची ट्रॉली दिसली. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, दीडशे वर्षांची आहे. साहेबाच्या बंगल्यांतली."

ही कथा मला लागलीच पटली. आमचा जिल्हा कापसाचा. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांतून बंगले होते, आणि येथून मूर्तिजापूरपर्यंत जाणारी अरुंद मार्गाची गाडी कापूस वाहून नेत असे. ती गाडी आतां धावत नाहीं, परंतु त्या काळच्या खुर्च्या, कपाटें, टेबलें अजूनहि बाजारांत येतात. मग एखादी ट्रॉली कां येऊं नये? मीं कथेची किंमत मोजली. वस्तु मात्र तपासली नाहीं.

तिसऱ्याच दिवशीं चार मंडळी आलीं. सौभाग्यवती ट्रॉली ढकलीत निघाल्या. पहिल्या उंबरठ्याशीं पुढचें चाक अडकलें, त्यांनीं थोडा जोर लाविला, ट्रॉली कलली आणि उकळत्या चहाची किटली घसरून त्यांच्या पायावर पडली. पंधरा दिवस त्या अंथरुणावर होत्या. त्या मजवर रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "अहो, घेण्यापूर्वीं मला एकदां ढकलून तरी पाहूं द्यायची होती." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

पुढें मीं आमच्या ओळखीच्या एका वृद्ध सुतारास बोलाविलें. त्यांनीं प्रथम ट्रॉली उलटी केली. शहाणा माणूस जुनें सामान नेहमीं उलटें करून पाहतो, हें मला तेव्हां कळलें. ते म्हणाले, "गुरुजी, लाकूड जुनं हाय जी, पण गाडी जुनी नाही. हे स्क्रू पाहा." स्क्रूंच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी फुली होती. अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यांच्या नांवानें ओळखला जाणारा हा स्क्रू १९३०-४० या दशकांत प्रचारांत आला. तत्पूर्वींच्या लाकूडकामांत एकच सरळ खांच असलेला स्क्रू असावयाचा. एखादा फुलीचा स्क्रू मागाहून झालेल्या दुरुस्तीचाहि असूं शकतो. परंतु सारेच तसे असतील, तर दीडशे वर्षांची गोष्ट सोडून द्यावी. कुठल्याशा मोडक्या कपाटाच्या फळ्यांपासून आमची ट्रॉली अलीकडे बनविलेली होती.

येथें एक खुलासा करतों. जुनी म्हणून जी वस्तु विकली जाते, ती सारी पुरातन नसते. आपल्या देशांतील १९७२ च्या कायद्याप्रमाणें कलाकुसरीची वस्तु पुरावस्तु ठरण्यास ती किमान १०० वर्षांची असावी लागते. त्याहून कमी वयाच्या सामानास दुकानदार 'व्हिंटेज' म्हणतात. अशी वस्तु घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र किंमत ज्या वयाची मागितली असेल, तें वय पावतीवर लिहून मागावें. खात्रीचा माणूस तें लिहून देतो; दुसरा बोलणें बदलतो.

आतां लाकडाविषयीं. यवतमाळ जिल्हा सागवानाचा असल्यामुळें आपल्याकडील कारागिरांस सागाची पारख उपजतच असते. सागाच्या गाभ्यांत तेलाचा अंश असतो, म्हणून त्यास वाळवी सहसा लागत नाहीं. बाहेरची पांढुरकी बाजू मात्र किडे खातात. यास्तव खणांच्या खालची बाजू व पायांचीं टोकें पाहावीं. टांचणीच्या टोकाएवढीं भोंकें दिसलीं तर ट्रॉली कागदावर ठेवून हळूच ठोकावी. ताजें, पिठासारखें भुकटें पडलें तर कीड जिवंत आहे. ती वस्तु घरांतील इतर लाकडाजवळ आणूं नये. भोंकें जुनीं व कोरडीं असून लाकूड टणक असेल, तर भिण्याचें कारण नाहीं.

नंतर सांधे. जुन्या कामांत कुसू खांचेंत बसवून सरसानें जोडलेलें असे. सरस ओल व उष्णता लागली म्हणजे सुटतो. पण त्याच गुणामुळें तसा सांधा लाकूड न मोडतां सोडवून पुन्हा बसवितां येतो. आमच्याकडे वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर जातो व हवा अगदीं कोरडी होते. मुंबईच्या दमट हवेंत वर्षानुवर्षें राहिलेली ट्रॉली येथें आणिली म्हणजे लाकूड आकसतें, सांधे सैल होतात. म्हणून दोन्ही हातांनीं धरून ती तिरकी हलवून पाहावी. किंचित् करकरली तर दुरुस्ती होईल. पाय हेलकावूं लागले तर घेऊं नये.

वरचें रोगण बहुधा लाखेचें असतें. आपल्या पळसावर वाढणारी जी लाख, तीच स्पिरिटांत विरघळवून फडक्यानें चढवितात. विक्रेत्याच्या परवानगीनें खालच्या बाजूस स्पिरिटाचा बोळा लावावा. पृष्ठभाग चिकट झाला तर रोगण लाखेचें समजावें. तें खरवडून काढूं नये. मात्र त्यावर गरम कप ठेवल्यास पांढरें वर्तुळ उठतें, म्हणून वर जाड कापड अथवा कांच घालावी. पितळेच्या दांड्यांस लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर आंत लोखंड आहे. रंगविलेली ट्रॉली असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील, तर लहान मुलांच्या घरांत ती नकोच, कारण जुन्या रंगांत शिसें असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम २०१६ सालचा आहे.

हें सारें पाहिलें तरी मुख्य गोष्ट राहतेच, ती म्हणजे चाक. गणिताचा मास्तर म्हणून थोडा हिशेब सांगतों. उंबरठा २ सेंटिमीटर उंच धरा. चाकाचा व्यास ५ सेंटिमीटर असेल, तर त्या चाकावर जो भार आहे त्याच्या जवळजवळ पांचपट जोर आडवा लावावा लागतो. व्यास १५ सेंटिमीटर असेल, तर भाराएवढ्या जोराहूनहि थोडा कमी पुरतो. जुन्या ट्रॉलींचीं पितळी चाकें दिसावयास सुंदर, पण बहुधा लहान असतात. तीं गुळगुळीत व सलग जमिनीसाठीं होतीं. फिनलंडचे शिल्पज्ञ आल्वार आल्टो यांनीं १९३६-३७ च्या सुमारास ज्या चहाच्या ट्रॉली रचिल्या, त्यांस दोनच, पण मोठीं चाकें आहेत. आपल्या उंबरठ्यांच्या घरांत शोभेपेक्षां अशी रचना अधिक कामाची.

तेव्हां दुकानांत जातांना तीन मापें लिहून न्यावीं : घरांतील सर्वांत अरुंद दाराची रुंदी, सर्वांत उंच उंबरठ्याची उंची, आणि जो माणूस ती ढकलणार त्याच्या कोंपराची उंची. वरच्या खणास कठडा आहे कीं नाहीं तें पाहावें. पाण्यानें भरलेली किटली व सहा कप ठेवून ती चालवून पाहावी. आणि ढकलणाऱ्या माणसास बरोबर न्यावें. मीं हेंच विसरलों होतों.

या वस्तूचा पूर्वज अठराव्या शतकांतील इंग्लंडमध्यें सांपडतो. एका खांबावर तीन गोल तबकें असलेल्या त्या उभ्या तिवईस 'मुका वाढपी' अशा अर्थाचें नांव होतें. अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन जेवणाच्या वेळीं पाहुण्यांजवळ असे मुके वाढपी ठेवीत, कां तर नोकरांच्या कानांवर बोलणें जाऊं नये. पुढें पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत नोकर मिळेनासे झाले, आणि घरच्या बाईस चाकांच्या ट्रॉलीचा आधार वाटूं लागला. आपल्या घरांत मुका वाढपी आजवर कोण होतें, हें मीं सांगावयास नको. पाहुणे बैठकींत, आणि ती स्वयंपाकघर व बैठक यांमध्यें खेपा घालीत.

गेल्या वर्षीं आम्हीं दुसरी ट्रॉली घेतली. ती साठ-सत्तर वर्षांहून जुनी नसावी. साधी सागवानी, दोन खणांची, कठडा असलेली. चाकें सुतारांनीं मोठीं बसविलीं, आणि मधला एक उंबरठा आम्हीं काढून टाकला. निवड सौभाग्यवतींनीं केली. दुकानांत त्यांनीं ती तीनदां ढकलली, दोन नापसंत केल्या, आणि मीं बाजूस उभा राहिलों.

आतां पाहुणे आले म्हणजे सारें सामान एका खेपेंत बैठकींत येतें. ट्रॉली बहुधा मीच ढकलतों. सौभाग्यवती आधींच येऊन खुर्चीवर बसलेल्या असतात, आणि चहा निवण्यापूर्वीं त्यांच्या बोलण्यास सुरुवात झालेली असते.