मुलाने निर्भयपणे सांगावे म्हणून

(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवरून घरोघरी जाऊ लागला. मुलाच्या हाती मोबाईल द्यायचा नाही, असा ज्या घरी कटाक्ष होता, त्या घरीही आपणच निरोप धाडले की, मुलाला मोबाईल द्या. त्या वेळी ते अपरिहार्य होते. पुढे शाळा भरू लागल्या. मोबाईल मात्र मुलांच्या हातीच राहिला. म्हणून त्याच्या सुरक्षित वापराविषयी पालकांशी बोलणे हे आपलेही कर्तव्य ठरते.

आपल्या गावांतील पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो, आणि तो वडिलांचा. बँकेचे खातेही त्यालाच जोडलेले. वडिलांना बारीक अक्षर वाचता येत नाही. म्हणून आलेला संदेश वाचून दाखविणे, पैसे पाठविताना पिन दाबणे, ही कामे पाचवी-सहावीतील मूल करते. ते त्या घराचा वाचक आणि कारकून झालेले असते. त्याला मोबाईल चालविता येतो. माणूस ओळखता येत नाही.

एका शाळेतील प्रसंग सांगतो. शाळेचे व मुलाचे नाव सांगणे उचित नाही. सातवीतील एक हुशार मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात गप्प राहू लागला, पुढे गैरहजर राहू लागला. वर्गशिक्षिका एके सायंकाळी त्याच्या घरी गेल्या. आईशी कापसाच्या वेचणीविषयी बोलत बसल्या. मुलाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. परतताना तो त्यांना रस्त्यापर्यंत पोहोचवावयास आला, आणि तेथे त्याला रडू कोसळले.

मोबाईलवरील खेळात त्याची एका ‘मित्रा’शी ओळख झाली होती. तो स्वतःला सातवीतलाच म्हणवीत असे. गोड बोलून त्याने मुलाकडून एक अश्लील छायाचित्र मागवून घेतले, आणि मग, “पैसे पाठव, नाहीतर हे सर्वांना धाडीन,” अशी धमकी दिली. पिन ठाऊक असल्यामुळे मुलाने दोनशे, तीनशे असे करीत कापसाच्या पैशांतून बरीच रक्कम पाठविली होती. “घरी का सांगितले नाहीस?” असे बाईंनी विचारता तो म्हणाला, “अण्णा मोबाईल फोडतील, आणि मला शाळेतून काढून गुरांमागे धाडतील.”

या उत्तराचा आपण विचार करावा. त्या परक्या माणसाचे बळ छायाचित्रात जितके होते, त्याहून अधिक मुलाला वाटणाऱ्या घरच्या धाकात होते.

बाई त्याला प्रथम एवढेच म्हणाल्या, “तुझा दोष नाही. सांगितलेस हे फार चांगले केलेस.” मग वडिलांशी त्या स्वतः बोलल्या. पैसे पाठविणे थांबविले. संदेश व क्रमांक पुसू दिले नाहीत, कारण तोच पुरावा. ते छायाचित्र त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर घेतले नाही, कोणाला पाठविलेही नाही. १९३० या क्रमांकावर फसवणुकीची खबर दिली आणि वडिलांसह पोलीस ठाणे गाठले. सर्व पैसे परत मिळाले नाहीत. मुलगा मात्र शाळेत परत आला.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वये अशा अपराधाची माहिती मिळणाऱ्यावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. तेव्हा असे प्रकरण गावातल्या गावात मिटविण्याच्या भरीस शिक्षकाने पडू नये. संकटातील बालकासाठी १०९८ ही मदतवाहिनीही आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर ठळक लिहून ठेवावेत.

पालकसभा शेतीची कामे आटोपल्यावर, सायंकाळी घ्यावी. मातांना आवर्जून बोलवावे. लांब व्याख्यान देऊ नये. चार गोष्टी पुरेत. पहिली : मुलाने मोबाईल ओसरीवर, चारचौघांत वापरावा, रात्री तो थोरांच्या उशाशी असावा. दुसरी : पिन मुलास सांगू नये. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, आणि ओटीपी विचारणारा मनुष्य लबाड समजावा. हे सभेत मोबाईल हाती घेऊन दाखवावे. तिसरी : खेळात भेटलेल्या अनोळखी व्यक्तीस नाव, गाव, शाळा, छायाचित्र यांपैकी काही देऊ नये. चौथी व सर्वांत महत्त्वाची : मुलाने चूक सांगितली, तर त्या क्षणी हात उगारू नये आणि मोबाईल हिसकावून घेऊ नये. आधी पूर्ण ऐकून घ्यावे.

मोबाईलमध्ये मुलांसाठी बंधने घालण्याची सोय असते. ती पालकांना अवश्य लावून द्यावी. पण मुले अशी कुलपे उघडावयास लवकर शिकतात. मुलाला रोज, “आज काय खेळलास, कोणाशी बोललास, मला दाखव पाहू,” असे कौतुकाने विचारणारी आई निरक्षर असली, तरी चांगली राखण करू शकते.

पुढील परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने अशी एक सभा घ्यावी आणि पालकांनी मांडलेल्या अडचणी लिहून आणाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.