लहान मुले आणि जिना
(शिक्षक-संमेलनात वाचावयाचे भाषण)



खेड्यातील मूल सहाव्या वर्षी शाळेत दाखल होते. परंतु शाळेचा त्याच्याशी संबंध त्यापूर्वीच जडलेला असतो. तिसरी-चौथीतील मुलगी चार दिवस गैरहजर राहते, तेव्हा हजेरीपटावरील त्या चार खुणांमागे पुष्कळदा एक तान्हे भावंड असते. आई खुरपणीस जाते, आणि मुलगी घरी राहून त्यास सांभाळते. किंवा त्यास कडेवर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढते. ताराबाई मोडक यांनी हा संबंध फार पूर्वी ओळखला होता. 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदविणारी ‘विकासवाडी’ त्यांनी व अनुताई वाघ यांनी उभी केली. थोरल्याला शिकवावयाचे असेल, तर धाकट्याची सोय लाविलीच पाहिजे, हे त्यामागील साधे तत्त्व होते.

ही सोय आज निरनिराळ्या रूपांत होते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व तिच्यातून गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. 2022 पासून ‘पाळणा’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना पाळणाघराची जोडही देण्यात आली. तथापि भातलावणीच्या, कापणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत खेड्यात जे पाळणाघर आपोआप उभे राहते, त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. गल्लीतील एखादी आजी, किंवा घरी राहणारी एखादी सून, आपल्या नातवंडा-लेकरांबरोबर शेजारणींची तीन-चार मुलेही सांभाळते. त्यांत एखादे तान्हे असते, एखादे रांगते असते, आणि दोन-तीन नुकतीच चालू लागलेली असतात. घर मात्र मोठ्या माणसांच्या सोयीने बांधलेले असते. कोकणात उंच जोत्यावरून अंगणात उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या. देशावरील जुन्या वाड्यात माडीकडे जाणारा अंधारा, अरुंद जिना. धाब्याच्या घरात गच्चीवर नेणारा, कठडा नसलेला जिना किंवा नुसती टेकून ठेवलेली शिडी. धाब्यावर धान्य वाळत घातलेले असले, की दिवसातून दहा वेळा तेथे जाणे-येणे होते, आणि मुले मागोमाग निघतात.

या प्रश्नाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. बाईला हात दोन, आणि मुले पाच. एकट्या मुलास जिन्यावरून नेणारी आई जे सहज करते, ते पाच मुलांना सांभाळणारीने केले तर अपघात ठरलेला असतो. म्हणून येथे केवळ लक्ष व माया पुरेशी नाही. ठरलेला क्रम हवा.

प्रथम मुलाच्या शरीराचा विचार करावा. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसाचे सुमारे एक अष्टमांश. त्यामुळे लहान मुलाच्या शरीराचा भार वरच्या बाजूस अधिक असतो, आणि तोल गेला की ते डोक्याच्या बाजूने खाली जाते. दुसरी गोष्ट वयाची. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारतासह पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालणे काही मुलांना आठव्या महिन्यातच साधते, तर काहींना सतरा महिने उलटतात, आणि दोन्ही स्वाभाविक होत, असे त्यांवरून दिसते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ‘हे अजून लहान आहे, कोठे जाणार’ या अंदाजावर कोणी विसंबू नये. काल जे सतरंजीवर नुसते पडून होते, ते आज उंबरठ्यापाशी सापडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल चढावयास आधी शिकते आणि उतरावयास उशिरा. रांगणारे मूल पायरी दिसली की वर जाते. वर पोहोचल्यावर परत कसे यावयाचे, हे त्यास कळत नाही. दोन वर्षांच्या सुमारास आधार धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवीत ते चढू-उतरू लागते. तीन वर्षांच्या सुमारास एका पायरीवर एकच पाय ठेवून चढणे जमते. तसेच उतरणे बहुधा चौथ्या वर्षाशिवाय नीट साधत नाही. जिना चढून गेलेल्या मुलाचे कौतुक होते. पण खरा धोका त्या कौतुकानंतर सुरू होतो.

आता व्यवस्थेकडे वळू. उत्तम उपाय हा की, मुले ज्या घरी एकत्र जमतात तेथे त्यांचे खाणे, झोपणे, खेळणे व शी-शूची सोय एकाच तळावर असावी. जिना दिवसातून जितक्या कमी वेळा ओलांडावा लागेल, तितका बरा. झोळी माडीवर आणि दूध खाली, ही मांडणी सकाळीच बदलता येते. त्यासाठी पैसा लागत नाही.

जिना टाळता येत नसेल, तर त्याच्या दोन्ही टोकांस अडसर हवा. खालच्या टोकास बांबूची घट्ट ताटी किंवा फळ्यांचे फाटक चालेल. वरच्या टोकाचे फाटक मात्र भिंतीत किंवा खांबात स्क्रूने पक्के बसविलेले असावे. नुसते दाबून अडकविलेले फाटक मुलाच्या भाराने निसटते व मुलासह खाली येते. ते पायऱ्यांच्या बाजूस उघडणारे नसावे. गज उभे असावेत, कारण आडव्या गजांची मुले शिडी करतात. आणि दोन गजांतील अंतर दहा सेंटिमीटरांहून कमी असावे, म्हणजे डोके अडकण्याची भीती राहत नाही. टेकून ठेवलेली शिडी काम संपताच उचलून आडवी करावी. पायऱ्यांवर पाट, पाटी, चपला, वाळवण यांपैकी काहीही ठेवू नये. अंधाऱ्या जिन्यात दिवसाही दिवा असावा.

पांगुळगाड्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. जुना लाकडी पांगुळगाडा धरून मूल उभे राहते, व तो ढकलीत चालते. ज्यात मूल बसते असा चाकांचा नवा गाडा, ज्याला ‘वॉकर’ म्हणतात, त्याहून फार वेगळा आहे. त्यात बसलेले मूल क्षणार्धात खोली ओलांडते, आणि पायरीच्या काठावर त्यास थांबता येत नाही. अशा अपघातांमुळेच कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. जेथे ओटा किंवा जिना आहे, तेथे वॉकर आणूच नये, आणि पांगुळगाडा पायऱ्यांपासून दूर, अंगणाच्या सपाट भागात द्यावा.

आता प्रत्यक्ष उतरविण्याचा क्रम पाहू. समजा, माडीवर झोपलेली पाच मुले दुपारी खाली आणावयाची आहेत. एक तान्हे, एक रांगते, आणि तीन चालती. दुसरे मोठे माणूस मिळाले तर एकाने वर व एकाने मुलांबरोबर राहावे. यासारखी दुसरी सोय नाही. शेजारीण पाच मिनिटे येऊ शकत असेल, तर तिची वाट पाहावी. बाई एकटीच असेल, तर आधी वरची खोली व खालची खोली या दोन्ही जागा बंद होतील अशी तजवीज असावी. खालची जागा आधीच पाहून ठेवावी. चूल, पाण्याची भांडी व टोकदार वस्तू तेथे नसाव्यात. मग मुले मोजावीत.

नियम असा की, जे सर्वांत चळवळे ते आधी, आणि जे जागचे हलू शकत नाही ते शेवटी. तान्ह्यास उंच बाजेवर नव्हे, तर झोळीत किंवा रांगत्याचा हात पोहोचणार नाही अशा आडोशाला जमिनीवर निजवावे. चालत्या मुलांस एकेक करून न्यावे. मुलाने पायरीवर बसून सरकत, किंवा पोटावर वळून पाय आधी खाली सोडीत उतरावे. बाईने त्याच्या खालच्या बाजूस, एक हात कठड्यावर ठेवून, तिरपे उभे राहून पायरी-पायरीने उतरावे. तोल गेलाच, तर मूल तिच्या अंगावर येते. ती वरच्या बाजूस असेल, तर तिला नुसते पाहावे लागते. एक मूल खालच्या खोलीत गेले की दार लावावे, आणि दुसऱ्यासाठी वर यावे. या सर्व वेळी तिने मोठ्याने बोलत किंवा गाणे म्हणत राहावे. दोन्ही टोकांच्या मुलांना तिचा आवाज ऐकू येतो, आणि त्यांचा आवाज थांबला तर तिलाही तत्काळ कळते. शेवटी रांगते, व त्यानंतर तान्हे. दोन मुले एका वेळी दोन कडांवर घेऊ नयेत. पायाखालची पायरी दिसत नाही, आणि कठडा धरावयास हात उरत नाही. एका हातात मूल व दुसऱ्या हातात कळशी, हेही तितकेच वाईट. लुगड्याने किंवा ओढणीने तान्ह्यास अंगाशी घट्ट बांधले तर दोन्ही हात मोकळे राहतात. निऱ्या वर खोचाव्यात, पाय कोरडे असावेत. खाली आल्यावर पुन्हा मोजावे. चढतानाही हाच क्रम, आणि बाई सदैव मुलाच्या खालच्या बाजूस.

हे सारे वाचताना लांब वाटते. करावयास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे वाचविण्याची घाई हेच पुष्कळ अपघातांचे मूळ होय.

तरीही केवळ अडविणे हा उपाय अपुरा आहे. अडविलेले मूल एके दिवशी उघडे फाटक गाठतेच. म्हणून उतरावयास शिकविणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. शाळेच्या ओट्याच्या दोन-तीन पायऱ्या यासाठी उत्तम साधन होत. दीड-दोन वर्षांच्या मुलास तेथे रोज थोडा वेळ मागे पाय सोडून उतरण्याचा सराव द्यावा. तीन-चार वर्षांच्या मुलांना ‘हात भिंतीला, पाय पायरीला’ असे तालात म्हणत एकामागून एक उतरविता येते. जिन्यात बागुलबुवा आहे, अशी भीती घालू नये; भ्यालेले मूल धावते, आणि धावणारे मूल पडते.

इतकी काळजी घेऊनही मूल पडले, तर त्यास झटकन उचलून हलवू नये. बेशुद्धी, झटके, वारंवार उलटी, न उठणारी गुंगी, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, हात-पाय न हलविणे, यांपैकी काहीही दिसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानेस मार लागल्याची शंका असेल, तर मूल आहे तसे ठेवावे. एक वर्षाच्या आतील मूल जिन्यावरून पडले, तर ते हसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. मालीश करणे, कांदा हुंगविणे, तोंडात पाणी घालणे, यांत वेळ दवडू नये.

या कामी शिक्षकाने काय करावे? अंगणवाडी सेविकेबरोबर एकदा गावातील अशा घरांना भेट द्यावी, आणि तेथील जिने व शिड्या डोळ्यांखालून घालाव्यात. पालकसभेत फाटकाचा नमुना दाखवावा. गावचा सुतार तो अर्ध्या दिवसात करून देतो. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या पायऱ्यांना कठडा नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे व ग्रामपंचायतीपुढे तो विषय लेखी मांडावा. आणि तिसरी-चौथीच्या वर्गात ‘धाकट्या भावंडाला जिन्यावरून कसे न्यावे’ हा पाठ प्रत्यक्ष करून घ्यावा. नऊ वर्षांच्या मुलीने तान्ह्याला कडेवर घेऊन जिना उतरूच नये, हे त्या पाठातील पहिले वाक्य असावे. आणि ते मुलीला सांगण्याबरोबरच तिच्या आईबापांनाही सांगावे. सांभाळ हे मोठ्यांचे काम आहे. ते मोठ्यांनी नीट पत्करले, की धाकटे सुरक्षित राहते आणि थोरली शाळेत येते.