एका धंद्याची एक गल्ली



आठवड्याचा बाजार तुम्हांला ठाऊक आहे. बाजारात शिरले, की मिरचीवाल्या बाया एका ओळीत बसलेल्या दिसतात. कुंभाराची मडकी एका कडेला असतात. बैलबाजार थोडा बाजूला भरतो. बैल घ्यायचा असेल तर मिरचीच्या ओळीत कोणी जात नाही. ही रीत कायद्याने घातलेली नाही. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही त्यात सोय आहे, म्हणून ती पडली.

मुंबईचा बाजारही असाच आहे. आपल्याकडे मिरचीची ओळ असते, तिथे मसाल्याची सबंध गल्ली असते. एवढाच फरक. ही गोष्ट ज्याला कळली, त्याचे पाय वाचतात आणि पैसाही वाचतो.

असे का झाले, ते पाहू. पूर्वी मुंबईच्या किल्ल्यात व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली. पुष्कळ घरे-दुकाने जळाली. त्यानंतर किल्ल्याबाहेर, उत्तरेला, व्यापाऱ्यांची वस्ती वाढत गेली. एका सराफाने दुकान मांडले, की शेजारी दुसरा आला. मग घडवणारे कारागीर आले, सोने गाळणारे आले. गिऱ्हाईकही तिकडेच वळले. असा धंद्याला धंदा लागून बाजार होतो.

आता कुठे काय मिळते ते सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुन्या लोकांचे बोरीबंदर. तिथून उत्तरेकडे दहा-पंधरा मिनिटे चालले, की क्रॉफर्ड मार्केट लागते. ही मंडई १८६९ साली बांधून झाली. जवळच मंगलदास मार्केट आहे. तिथे कापड मिळते. मुंबादेवीच्या देवळापाशी झवेरी बाजार आहे. तिथे सोने-चांदी. तांबे-पितळेची भांडी तांबाकाट्याला. लोहार चाळ हे नाव लोहाराचे, पण माल विजेचा. दिवे, तारा, बटणे तिथे घ्यावीत. हत्यारे आणि यंत्रांचे भाग नागदेवी स्ट्रीटला मिळतात. त्याला मशीद स्टेशन जवळ पडते.

फुले हवी असतील तर दादर स्टेशनजवळ जावे, तेही पहाटे. मसाला करायचा असेल तर लालबागला. तिथे मिरची निवडून घ्यावी आणि समोर कांडून घ्यावी.

आमच्या शेजारच्या वाडीतले एक शेतकरी पंपाचा एक भाग आणायला मुंबईस गेले होते. भाऊ ज्या उपनगरात राहतो, तिथलीच दुकाने त्यांनी दोन दिवस पालथी घातली. भाग काही मिळेना. इकडे विहिरीत पाणी, आणि कांदा मात्र सुकत चाललेला. तिसऱ्या दिवशी एका मिस्त्रीने विचारले, "काका, नागदेवीला गेलात का?" काका गेले. तिसऱ्याच दुकानात भाग मिळाला. गल्ली ठाऊक असती, तर दोन दिवस कांदा तहानला राहिला नसता.

म्हणून आम्ही सांगतो, दुकान विचारू नका, बाजार विचारा. "पंपाचे दुकान कुठे?" असे विचारले, तर माणूस जवळचे दुकान दाखवील. "पंपाच्या सामानाचा बाजार कुठे?" असे विचारा. आणि विचारावे त्या कामातल्या माणसाला. भांड्यांचे आचाऱ्याला विचारा, कापडाचे शिंप्याला, तारांचे वायरमनला. त्याची वाट रोजची असते.

एक अडचण मात्र येते. पाटीवर एक नाव असते आणि लोकांच्या तोंडी दुसरे. क्रॉफर्ड मार्केटचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. प्रिन्सेस स्ट्रीटचे नाव शामलदास गांधी मार्ग. रेडिओ, संगणक यांच्या सामानाचा लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तेव्हा दोन्ही नावे कागदावर लिहून घ्या. एक वाचायला, एक विचारायला.

बाजार जागाही बदलतात, बरं का! घाऊक फळांचा आणि भाजीचा बाजार १९९६ साली नवी मुंबईत, वाशीला गेला. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेला पत्ता निघण्याआधी एकदा ताडून पाहावा. शिवाय यांतले बरेच बाजार रविवारी बंद असतात. तेही विचारून घ्यावे.

बाजार सापडला म्हणजे काम झाले, असे नाही. शंभर दुकाने शेजारी असली, तरी पहिल्याच दुकानात पैसे मोजणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? निदान तीन दुकानांत भाव विचारा. एकच माल, एकच वजन, आणि मजुरी किती, ते विचारा. रस्त्यात कोणी गोड बोलून, "चला काका, स्वस्तात देववतो," म्हणाला, तर नमस्कार करून पुढे चला. त्याला दुकानदार दलाली देतो, आणि ती आपल्याच बिलात चढते.

सोने घेताना दागिन्यावर तीन खुणा पाहा. पहिली भारतीय मानक ब्यूरोची त्रिकोणी खूण. दुसरी शुद्धतेची. बावीस कॅरेटला ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. तिसरा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. तो मोबाईलवर बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून तपासता येतो. खुणा बारीक असतात, म्हणून दुकानदाराकडे भिंग मागा. लाजू नका. लेकीच्या लग्नाचा पैसा वर्षभर घाम गाळून जमतो. तो मोजताना भिंग मागण्यात कसली लाज?

शेवटी पक्के बिल घ्या, आणि दुकानातून उठण्यापूर्वी ते वाचा. मालाचे नाव, वजन, भाव, मजुरी, एकूण रक्कम. अक्षर लावायला वेळ लागला, तर लागू द्या. दुकानदार थांबेल. गिऱ्हाईक वाचते आहे हे दिसले, की त्याचा हातही जपून चालतो.