जबड्याचा सांधा आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टरी विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण "तुम्ही जबड्यात इंजेक्शन घेतलेत म्हणे, आम्हीही घ्यावे का?" असे आपल्यापैकी चौघीजणींनी मला विचारले. म्हणून जे भोगले आणि डॉक्टरांकडून जे कळले, ते सर्वांपुढे ठेवते.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. आत दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती जागची सरकली की कट्‌कन आवाज येतो. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंडही नीट उघडते, तर भिण्याचे कारण नाही.

गेल्या वर्षी माझा उजवा सांधा दुखू लागला. मला वाटले कानच दुखतो. पण कान स्वच्छ निघाला. भाकरीचा घास चावेना, जांभई देताना डोळ्यांत पाणी येई. दातांच्या डॉक्टरांनी मला जबड्याच्या सर्जनांकडे पाठवले. त्यांनी विचारले, "रात्री दात खाता का?" आपण म्हणतो, दात खाणे म्हणजे पोटात जंत. ते तसे नव्हे. काळजीने माणूस झोपेत, आणि जागेपणीसुद्धा, दातांवर दात आवळतो आणि तिथले स्नायू शिणतात. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दात आवळूनच माझे दिवस चालले होते!

इंजेक्शन काही लगेच दिले नाही. दोन महिने मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस, चिक्की, सुपारी बंद. ऊन कपड्याचा शेक. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरायची. ओठ मिटलेले असावेत, पण दात सुटे. आणि जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम. बहुतेकांना एवढ्यानेच उतार पडतो. माझे दुखणे निम्मे राहिले. सांध्यातली सूज मात्र हटेना. तेव्हा एक इंजेक्शन दिले.

माझ्या मुलीने मला वाचून दाखवले, की १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रोग्याला कॉर्टिझोन पहिल्यांदा दिले, आणि १९५० साली त्यांना व आणखी दोघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपले स्टेरॉइड त्याच कुळातले. ते सूज उतरवते. सरकलेली चकती जागेवर आणत नाही, की दात आवळण्याची खोड मोडत नाही. म्हणून व्यायाम मी आजही करते.

मला मधुमेह आहे, हे मी आधीच सांगितले होते. तरी चार दिवस साखर वाढलेली राहिली. तुम्हालाही मधुमेह असेल तर सांगायला लाजू नका. "आराम पडला, तर दर महिन्याला का देत नाही?" असे माझ्या जाऊबाईंनी विचारले. डॉक्टर म्हणाले, वारंवार दिल्यास सांध्याची कूर्चाच झिजते. वाढत्या वयाच्या मुलांत तर फार जपावे लागते, कारण जबड्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. २०२३ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या मंडळाने जुनाट दुखण्यासाठी व्यायाम आणि मनाचा ताण हाताळायला शिकणे यांना पुढे ठेवले; हे इंजेक्शन सरसकट देऊ नये, असेच सुचवले.

आणखी दोन गोष्टी सांगते. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले, तिखट झोंबू लागले, तर तो सांध्याचा रोग नसून तोंडाच्या आतील त्वचा आवळण्याचा असू शकतो. त्यातून पुढे कर्करोगाचे भय असते. तपासणी लांबवू नका. आणि जबडा दुखताना छातीत दाटले, घाम फुटला, तर शेकत बसू नका. ते हृदयाचे असू शकते, तडक इस्पितळ गाठा.

आपण बायका घरातल्या सर्वांची पथ्ये सांभाळतो आणि आपले दुखणे तेवढे उद्यावर ढकलतो. माझी चौघींना विनंती, की आधी इंजेक्शन मागू नका. आधी तपासून घ्या. सोबत हवी असेल तर मी येईन.