लोणच्याच्या बरणीवरचं नाव



विश्रांतवाडीत राहणाऱ्या माणसाला लष्कराची नवलाई नाही. एका बाजूला दिघीचा लष्करी परिसर, दुसऱ्या बाजूला लोहगावचा विमानतळ आणि होळकर पूल ओलांडला की खडकी. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की बोलणारा माणूस क्षणभर थांबतो आणि विमान गेलं की तेच वाक्य पुढे चालू करतो. ज्या आळंदी रस्त्यानं ज्येष्ठ महिन्यात माउलींची पालखी जाते, त्याच रस्त्यावर एरवी लष्कराच्या गाड्या दिसतात. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं आहे, की यामागे काही इतिहास आहे, याचा विचारही आपल्या मनात येत नाही.

तो विचार करावा म्हणून आमच्या भागातल्या इतिहासाची आवड असलेल्या दहा-बारा जणांनी दिवसभराची एक व्याख्यानमाला ठरवली. विषय होता युद्धांचा इतिहास. सकाळी खडकीची १८१७ सालची लढाई, दुपारी पहिलं महायुद्ध, नंतर दुसरं आणि शेवटी लोकांनी आपापल्या घरातल्या वस्तू, कागद, फोटो आणून दाखवायचे. शाळेचं सभागृह मिळालं, साठ खुर्च्या मांडल्या आणि पहिल्या महायुद्धावर बोलण्याचं काम माझ्याकडे आलं.

तयारी म्हणून आम्ही आधीच्या रविवारी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेलो. मुळा रस्त्यावरची ही जागा पुष्कळ पुणेकरांनी बाहेरूनच पाहिलेली असते. आत गेलं की हिरवळ आणि एकसारख्या पांढऱ्या शिळांच्या रांगा. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या या कबरी. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची देखभाल कायम होईल अशी खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. तिथेच १९१४ ते १९१८ च्या युद्धाचं स्मारक आहे. त्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची आठवण त्यावर आहे. मुंबईतल्या कबरींतले अवशेषही १९६२ साली इथे आणले गेले.

आमच्यात एक निवृत्त सुभेदार होते. ते बराच वेळ शिळांवरची नावं वाचत फिरले आणि मग मला म्हणाले, "गुरुजी, हे सगळं चांगलंच आहे. पण आपल्या पलटणीतली माणसं कुठं आहेत?"

त्याचं सरळ उत्तर असं, की आपल्यातल्या बहुतेकांच्या कबरी नाहीतच. हिंदू सैनिकांना अग्नी दिला जाई. त्यांचं नाव राहिलंच तर ते भिंतीवर राहणार. आणि ती भिंतही जिथे युद्ध झालं तिथे, म्हणजे हजारो मैल लांब. मग मी ठरवलं, की आपण बोलायचं ते त्या भिंतींविषयी.

ज्या सैन्याची कहाणी मी सांगितली, त्याच्या नावातच आपलं शहर होतं. सहावी पुणे डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या टोकाला, फाव या ठिकाणी उतरली. त्याच महिन्यात बसरा घेतलं. पुढे तैग्रिस नदीच्या काठानं बगदादकडे कूच झाली. या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. साताऱ्याची, रत्नागिरीची, कुलाब्याची, पुण्याच्या मावळातली ही माणसं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे त्यांना तुर्कांनी अडवलं. फौज मागे फिरली आणि कुत नावाच्या गावात अडकली.

डिसेंबर ते एप्रिल, जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपत आलं, तशी घोड्यांची कत्तल सुरू झाली. गोरे सैनिक घोड्याचं मांस खात होते, पण आपल्या बहुतेक शिपायांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत या वेढ्याची एक नोंद सापडते. मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. आट्याच्या पोळ्या खाणाऱ्या आपल्या माणसांना तो झाला नाही. पण मांस नाही आणि भाजी नाही, म्हणून त्यांच्या हिरड्या स्कर्व्हीनं सुजल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. वाळवंटातून चालवत नेताना आणि पुढे कैदेत असताना त्यांतले हजारो मेले.

आपल्याकडे जुन्या घरांत अजूनही एक वाक्य ऐकू येतं, "ते बसऱ्याला गेले, ते परत आले नाहीत." माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाविषयी आमच्या घरात एवढंच सांगितलं जाई.

या मोहिमेतल्या मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. तिथे चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मरण केलं आहे. ब्रिटिश सैनिकांची, अगदी साध्या शिपायाचीही नावं भिंतीवर आहेत. हिंदी अंमलदारांचीही आहेत. पण हिंदी शिपायांपुढे पलटणीचं नाव आणि नुसता आकडा. म्हणजे अमुक अंमलदार, तमुक अंमलदार आणि त्यांच्याबरोबर इतर इतके इतके हिंदी सैनिक.

त्या काळात शिपायांची नावं दगडावर घालायची पद्धतच नव्हती, असं कुणी म्हणेल. पण फ्रान्समध्ये नव्ह-शापेलला १९२७ साली जे स्मारक उभं राहिलं, त्यावर हिंदी शिपायांची नावं आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. इतक्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या विश्रांतवाडीपासून तासाभरावर भीमा कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीनं तो उभारला. त्यावर कंपनीच्या बाजूनं पडलेल्या साध्या शिपायांची ४९ नावं आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या शेवटाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. बसऱ्याच्या शंभर वर्षं आधी हे झालं होतं.

कोरलेल्या नावाचं पुढे काय होतं, हेही त्या स्तंभावरून कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ब्रिटिश सरकारला अर्ज केला, तेव्हा त्यात पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला होता. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्या दगडावर 'इतर २२' एवढंच लिहिलेलं असतं, तर या माणसांनी कशाकडे बोट दाखवलं असतं? माझ्या मते नाव कोरणं हा नुसता सन्मान नसतो. तो पुरावा असतो आणि मागून येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

दुसऱ्या महायुद्धाविषयी बोलणाऱ्या वक्त्यांनी लोहगावच्या धावपट्टीपासून, म्हणजे १९३९ पासून सुरुवात केली आणि शेवट नाईक यशवंत घाडगे यांच्यापाशी केला. माणगाव तालुक्यातला हा मराठा पलटणीचा जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर तो एकटा चालून गेला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचीही कबर नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्याचं नाव आहे.

संध्याकाळी वस्तू दाखवायची वेळ आली. जुनी पदकं, पेन्शनचे कागद, एका पलटणीचा फोटो. आणि धानोरीच्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, नातसुनेचा हात धरून आल्या. पिशवीतून त्यांनी पितळेसारखी दिसणारी एक जड चकती काढली. चांगली बशीएवढी. म्हणाल्या, "आमच्याकडं ही लोणच्याच्या बरणीवर असते. सासूबाई म्हणायच्या, टाकू नको, सरकारी आहे."

चकतीवर एक बाई आणि एक सिंह होता. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारनं अशी कांस्याची चकती पाठवली होती. तिच्यावर हुद्दा कोरत नसत, फक्त नाव. मरणात सगळे सारखे, असा त्यामागचा विचार होता. आम्ही चिंच लावून ती घासली आणि इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचली. आजींनी ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "हे तर आमच्या मामंजींचे वडील." घरात त्या नावानं श्राद्ध होत असे. पण बरणीवर रोज हात पडत होता तो त्याच नावावर, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. इंग्रजी वाचणारं कुणी घरात आलं, तोवर अक्षरांवर तेल-मिठाचा थर बसला होता.

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुभेदार उठले आणि त्यांनी आजींना खुर्ची दिली.

बसऱ्याच्या भिंतीविषयी आणखी एक सांगायला हवं. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगानं २०२१ साली एक चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी आणि इतर सैनिकांच्या स्मरणात भेदभाव झाला, हे त्यात मान्य केलं आणि आयोगानं माफी मागितली. पुष्कळ नावं आता आयोगाच्या नोंदींत घरबसल्या शोधता येतात. पण शोधणं सोपं नाही. नोंदीत आडनाव बहुधा नसतं. गावाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं, तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. रायगड जिल्हा शोधून सापडत नाही, तिथे कुलाबा म्हणावं लागतं.

माझ्या थोरल्या आजोबांचं नाव मी शोधलं. त्या नावाच्या तीन नोंदी मिळाल्या. तिघेही मराठा पलटणींतले, तिघेही मेसोपोटेमियात गेलेले. आमचे कोणते, हे मला आज सांगता येत नाही. पलटणीचा नंबर असलेला एखादा कागद घरात असता, तर सांगता आलं असतं. असा कागद होता, असं आई म्हणायची. घर बदलताना ट्रंक रद्दीत गेली.

म्हणून आपल्याला एक विनंती. माळ्यावरची ट्रंक एकदा खाली काढा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं असतात, ती भिंगातून वाचा. तिथे बहुधा नंबर, नाव आणि पलटण मिळते. गावाकडे गेलात तर चावडीपाशी किंवा देवळापाशी संगमरवरी पाटी आहे का, ते पाहा. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असं त्यावर लिहिलेलं असतं. तिथेही आकडाच असतो. ते कोण होते, हे सांगणारं कुणी म्हातारं माणूस गावात असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि नावं लिहून घ्या.

आजींनी ती चकती परत नेली. आता ती देवघराशेजारी ठेवली आहे, असं त्यांच्या नातसुनेनं कळवलं. बरणीला नवं झाकण आणलं आहे.